शोभेचं कार्ड

"अहो काका, कार्ड तर इथे आहे की! चांगलं धडधाकट!"

मेधाने मशिनच्या पोटात टॉर्च धरला होता. तिच्या मागे उभे असलेले केशवराव बिरादार एक पाऊल मागे सरले. साडेसात वर्षांत त्या खाचेकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं, आणि नवी मशिनं देणाऱ्या कंपनीची ही पुण्याची पोर येऊन अर्धा तास झाला नाही तोच नेमकी तिथे पोचली.

अंबरपेठेतल्या ब्रेल छापखान्याच्या मागच्या खोलीत हे चाललं होतं. खोलीत फ्रिजएवढं एक युनिक्स मशीन, म्हणजे ब्रेल पुस्तकं साठवणारा जुन्या घडणीचा कॉम्प्युटर, होतं. १९८६ साली आलं तेव्हा त्याला हार घातला होता, आता १९९६च्या मे महिन्यात त्याच्याकडे सगळे भंगार म्हणून बघत होते. आदल्या दिवशी वीज गेली, आली, पुन्हा गेली आणि तिसऱ्यांदा अशी काही आली की मशिनमधून करपट वास सुटला. केशवरावांनी सकाळीच येऊन जळालेलं कार्ड बाहेर काढलं होतं. त्याच्यावरची मुख्य चिप भुईमुगाच्या शेंगेसारखी फुटली होती.

"अप्पाराव सर, रजिस्टरमध्ये काय लिहिलंय?" मेधाने विचारलं.

छापखान्याचे व्यवस्थापक अप्पाराव माणूस मोठा नेटका. रजिस्टर त्यांच्या हातातच होतं. "डिसेंबर अठ्ठ्याऐंशी. डिस्क कंट्रोलर, इम्पोर्टेड, एक नग, मशीन में लगाया. नीचे केशवराव का दस्तखत, बाजू में मेरा."

"मग झालं तर! डिस्क या इम्पोर्टेड कार्डावरच चालत असणार. जळालं ते बहुतेक टेपचं असेल, टेप तशीही बंदच आहे. वायरी जोडा, की मशीन सुरू."

"आज नको, मॅडम," केशवराव घाईने म्हणाले. "वायरींची तोंडं खराब झालीत. साफ करून आणतो. उद्या जोडू."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर त्रिवेणी बसली होती. सहा बटणांच्या ब्रेल कीबोर्डवर तिचे हात सवयीने ठेवलेले होते, पण बोटं थांबलेली होती. ती म्हणाली, "मामा, पुस्तकं आहेत ना सगळी?"

"आहेत की. कुठं जातात," केशवराव म्हणाले, आणि वायरी पिशवीत कोंबून जवळजवळ पळालेच.

आता यात एवढं पळण्यासारखं काय होतं, ते सांगायला हवं.

हार्ड डिस्क म्हणजे नुसती फिरणारी तबकडी. तिच्यावर कुठे काय लिहायचं आणि पुन्हा कसं वाचायचं, ही अक्कल असते एका वेगळ्या कार्डात. त्याला कंट्रोलर म्हणतात. त्या काळच्या युनिक्स मशिनांत प्रत्येक कंपनीचा कंट्रोलर आपापल्या अक्षरात लिही, आणि तलाठ्याचं अक्षर जसं तलाठ्यालाच लागावं, तसं एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येत नसे. वाचता येत नसे तर नसे, पण काही कार्डं फार शहाणी. अनोळखी डिस्क दिसली की ती कोरी समजून तिच्या पहिल्या पट्टीवर आपली खूण ठोकून मोकळी होत. सगळ्या पुस्तकांची यादी असते ती नेमकी त्याच पट्टीवर. रजिस्टरचा नंबर लाल आकड्यांत रंगवलेलं ते इम्पोर्टेड कार्ड या शहाण्यांपैकीच होतं.

आणि त्या कार्डाने या डिस्कवर आजवर एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं.

झालं होतं असं. सत्त्याऐंशी साली मशिनचं मूळ कार्ड गेलं. दुसरं परदेशातून आणायचं तर लायसन्स पाहिजे, आणि लायसन्ससाठी दिल्लीला अर्ज. केशवराव तेव्हा मशीन बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात नोकरीला होते, छापखान्याची देखभाल त्यांच्याकडे होती. त्रिवेणी नुकतीच कामाला लागलेली. शेजारी कोणी पाठ्यपुस्तक वाचून दाखवायचं आणि तिने ते ब्रेलमध्ये लिहायचं. लायसन्स येईपर्यंत या मुलीने हातावर हात ठेवून बसायचं काय, म्हणून केशवरावांनी कारखान्याच्या अडगळीतून दुसऱ्याच कंपनीचं एक कार्ड काढलं, डिस्क नव्याने घडवून घेतली आणि मशीन चालू केलं. चौदा महिन्यांनी इम्पोर्टेड कार्ड आलं तोवर डिस्कवर सहा पुस्तकं झालेली. नवं कार्ड जोडायचं म्हणजे ती सहा पुसायची. आणि न जोडावं, तर ऑडिटवाले विचारणार, सरकारी डॉलर खर्चून आणलेली वस्तू कपाटात का? केशवरावांनी मधला मार्ग काढला. कार्ड रिकाम्या खाचेत बसवलं, वायर एकही जोडली नाही. ऑडिटवाल्याने वाकून लाल आकडा पाहिला, खूण केली, चहा घेतला आणि गेला. नारळसुद्धा फुटला होता त्या दिवशी.

पुढे सहाची त्रेचाळीस पुस्तकं झाली. मराठी, तेलुगू, उर्दू. वाचून दाखवणारे बदलत गेले, लिहिणारी एकच. टेपवर नक्कल ठेवत असत, पण टेपमशिनचं रबरी चाक चार उन्हाळ्यांपूर्वी वितळून काकवीसारखं झालं आणि जुन्या टेपाही त्यातच चिकटून गेल्या. छापलेल्या प्रती शाळांत होत्या, पण ब्रेल वाचून वाचून सपाट होतं. ठिपके बसले की पान कोरं. दर जूनला नव्या प्रती छापाव्या लागत. आणि जून तीन आठवड्यांवर आलेला.

दुपारी काचीगुड्याच्या घरी केशवराव जेवायला बसले, ते बसूनच राहिले. भाकरी वाळून कडक झाली.

"काय झालं? भाजीत मीठ पडलं काय जास्त?" त्यांच्या बायकोने, भामाबाईंनी विचारलं.

"नाही गं."

"मग अंबाडीची भाजी पुढ्यात ठेवून कोन असं सुतकी तोंड करतंय?"

केशवरावांनी सगळं सांगितलं. सांगताना मध्येच उठून हात धुऊन आले. चार वर्षांपूर्वी कारखान्याने ती मशिनं बनवणं बंद केलं, केशवराव स्वेच्छेने निवृत्त झाले. ती स्वेच्छा किती त्यांची होती ते सोडा. छापखान्याच्या मशिनकडे मात्र ते अजून बघत असत. स्टेशनच्या रस्त्यावर एक खोली घेऊन त्यांनी 'येथे जुनी कॉम्प्युटरे दुरुस्त होतील' अशी पाटी लावली. पण दिलसुखनगरात पोरं गल्लीगल्लीत नवी कॉम्प्युटरं जोडून विकत होती, जुनं दुरुस्त करायला येतो कोण? मेधाची कंपनी छापखान्याला दोन नवी मशिनं देणार होती, आणि अशा एकंदर दहा संस्थांची जुनी मशिनं सांभाळायला तिला अनुभवी माणूस हवा होता. यादीत पहिलं नाव केशवरावांचं होतं. मेधाने चांगला रिपोर्ट दिला की काम त्यांना मिळणार.

"खोटी सही केलेली म्हटल्यावर मला उभं करतील काय ते?" केशवराव म्हणाले. "आणि मी काही न बोललो, तिनंच कार्ड जोडलं, तर माझ्यावर काही येत नाही. रजिस्टरात तसंच आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

भामाबाईंनी ताटातली वाळलेली भाकरी काढून दुसरी गरम वाढली.

"आन् त्या पोरीची पुस्तकं?"

केशवराव भाकरीचा तुकडा मोडत राहिले.

"तुमची सही वाचवायला तिची नऊ वर्षं घालवता काय?" भामाबाई म्हणाल्या. "ती बटनं दाबून दाबून बोटं दुखतात म्हनून येरंडेल चोळती, तुमीच सांगितलंत ना मला? जेवा आता. आन् सकाळी जाऊन सांगून टाका. काम काय, आज नाही उद्या मिळतं."

काम मिळत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी केशवरावांनी ती भाकरी संपवली.

दुसऱ्या दिवशी मेधा पेचकस घेऊन तयारच होती. केशवरावांनी पिशवी खाली ठेवली, पण वायरी काढल्या नाहीत.

"मॅडम, अप्पाराव, एक सांगायचंय. त्रिवेणी, तू पन ऐक."

आणि त्यांनी सांगितलं. लायसन्स, अडगळीतलं कार्ड, रिकामी खाच, ऑडिट, नारळ, काहीच ठेवलं नाही.

पहिले अप्पाराव उसळले. "अरे केशवराव, ये क्या सुना रैं जी तुम सुबे-सुबे? उस रजिस्टर में मेरा भी दस्तखत है ना! मेरे को तब कायकू नै बोले?"

"बोल्लो असतो तर तुम्ही करू दिलं नसतं."

"सच्ची बात है, नै करने देता," अप्पाराव म्हणाले आणि खुर्चीत बसले.

मेधा मशिनकडे बघत होती. "काका, मी काल हे जोडलं असतं तर?"

"तर पुस्तकांची यादीच पुसली असती."

"आणि तुम्ही मला हे काल नाही सांगितलंत."

"नाही सांगितलं. भ्यालो."

एवढं सगळं केशवरावांनी सोसलं असतं. पण त्रिवेणी अगदी हळू म्हणाली, "मामा, काल मी विचारलं, तेव्हा 'आहेत की' म्हणालात. मी त्याच्यावर विसंबून रात्री झोपले." हे मात्र त्यांना सोसलं नाही. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पन्नाशी उलटलेल्या माणसाला कान धरून उभं केल्यासारखं वाटत होतं, आणि ते योग्यच आहे असंही वाटत होतं.

शेवटी त्रिवेणीनेच विचारलं, "पण अजून आहेत ना? आज खरं सांगा."

"आहेत. डिस्कला धक्का नाही. फक्त वाचणारं कार्ड पाहिजे. जळालं तसंच, त्याच कंपनीचं."

मेधाने लगेच फोन फिरवला. आता काही दिल्लीला अर्ज करायचे दिवस राहिले नव्हते. सिंगापूरहून पाच दिवसांत काय हवं ते येतं, हे ती काल दोनदा सांगून बसली होती. अर्ध्या तासाने तिने फोन ठेवला आणि म्हणाली, "ती कंपनीच सहा वर्षांपूर्वी बंद झाली. आता सगळं आणता येतं, पण हे कोणी बनवतच नाही." पहिल्यांदाच तिचा चेहरा पडला.

"आज वार कुठला?" केशवरावांनी विचारलं.

"गुरुवार. का?"

"मग चला. जुमेरात बाजार भरला असेल."

जुमेरात बाजारात काय मिळत नाही ते विचारावं. एका पायाचा बूट मिळतो, दार नसलेलं कुलूप मिळतं, कुलूप नसलेली किल्ली मिळते. उन्हात तीन रांगा पालथ्या घातल्यावर एका म्हाताऱ्या भंगारवाल्यापाशी कार्डांचं पोतं दिसलं. कडांचं सोनं काढणारे लोक ती किलोवर नेत.

"क्या होना साब?"

"ये पत्ते कहाँ से आए, चाचा?"

"दफ्तरां नवे मशीनां ले रैं, पुराने फेंक रैं. हमारी तो ईद है," म्हातारा हसला.

केशवराव मांडी घालून बसले आणि एकेक कार्ड उचलून बघू लागले. मेधा आधी ओढणी सांभाळत उभी राहिली, मग तीही बसली. तिला प्रत्येक कार्ड सारखंच दिसत होतं. केशवराव मात्र नातेवाइकांची नावं सांगावी तसं सांगत होते. हा वेगवान, पण गरम फार होतो. हा मोठ्या डिस्कसाठी, आपल्या कामाचा नाही. हा गरीब बिचारा, मुंबईच्या मशिनांत असायचा. तास-दीड तासाने त्यांच्या तोंडून "हां!" निघालं. एक नव्हे, दोन कार्डं सापडली, त्याच कंपनीची. त्यांना इतका आनंद झाला की म्हाताऱ्याशी घासाघीस करायचंही सुचलं नाही.

आनंद छापखान्यात पोचेपर्यंतच टिकला. दोन्ही कार्डं टेबलावर शेजारी ठेवल्यावर कळलं की ती जुळी नाहीत. एकाच्या चिपवर दोनचा आकडा, दुसऱ्याच्या चिपवर तीनचा. कंपनीने मध्येच लिहिण्याची पद्धत बदललेली. जळाल्या कार्डावरचा आकडा फुटलेल्या चिपबरोबर गेलेला.

"कुठलं होतं, काका? आठवा ना," मेधा म्हणाली.

केशवरावांनी डोळे मिटून पाहिलं, कपाळ चोळून पाहिलं. अडगळ आठवली, तिथला उंदीर आठवला, आकडा काही आठवेना. "तेव्हा लिहून ठेवायला पाहिजे होतं. पण लिहिलं असतं तर ऑडिटला सापडलं असतं. एका खोट्यापायी बघा."

चुकीचं कार्ड लावलं तर पुन्हा तेच, यादी साफ. म्हणून केशवरावांनी दुकानातून तसल्याच जातीची एक रद्दी डिस्क आणली. निदान कार्डं जिवंत आहेत का ते तरी बघू. त्यांनी दोन नंबरचं कार्ड लावून मशीन चालू केलं. डिस्क फिरली, खाकरली, किरकिरली.

"हे आपलं नव्हे," कोपऱ्यातून त्रिवेणी म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"आपलं मशीन उठलं की दोनदा खाकरतं, जरा गप्प बसतं आणि मग बारीक आवाजात कुरकुर सुरू करतं. हे एकदाच खाकरलं."

केशवरावांनी कार्ड बदललं. पुन्हा वीज दिली. खोलीत पंखासुद्धा बंद केला होता.

"परत लावा," त्रिवेणी म्हणाली. त्यांनी परत लावलं. तिने मान एका बाजूला कलती केली. "हेच."

"नक्की?" मेधाने विचारलं.

"ताई, तुमच्या घरचा नळ सुटलाय की शेजारचा, ते तुम्हाला कळतं ना? मी नऊ वर्षं रोज सकाळी साडेनऊला हे ऐकते. चहा प्यायच्या आधी ऐकते."

केशवरावांना ते पटत होतं. त्या कार्डांची ही खोड त्यांच्या कानांवरून हजार वेळा गेली असेल, पण त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. तरी त्यांचा हात खऱ्या डिस्ककडे जाईना. ते त्रिवेणीजवळ जाऊन उभे राहिले.

"पुस्तकं तुझी आहेत. चुकलं तर गेली. तू म्हणशील तरच लावतो."

ती म्हणाली, "या खेपेला विचारलंत ना मला? मग लावा."

वायरी जोडताना केशवरावांनी एकेक टोक दोनदा तपासलं. तीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. डिस्क फिरली, दोनदा खाकरली, गप्प बसली. ती गप्प बसलेली दोन सेकंदं अप्पाराव पुढे आयुष्यभर लोकांना सांगत राहिले. मग बारीक कुरकुर सुरू झाली आणि पडद्यावर हिरव्या ओळी चढू लागल्या.

"गणित, इयत्ता दुसरी," मेधा वाचायला लागली. "मराठी, इयत्ता तिसरी. भूगोल, इयत्ता चौथी..."

"विज्ञान, पाचवी," त्रिवेणी म्हणाली. "मग तेलुगू वाचन. मग उर्दू कायदा, मुळाक्षरांचा." मेधा वाचायच्या आधी ती पुढचं नाव सांगत होती. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. केशवराव मशिनच्या मागे गेले. तिथे काही काम नव्हतं, पण रडायला जागा होती.

संध्याकाळी निघताना मेधा त्यांच्याजवळ आली. "काका, रिपोर्टमध्ये मला हे लिहावं लागेल. कार्डाचं. आणि काल तुम्ही बोलला नाहीत, तेही."

"लिहा. खरं आहे ते."

"आजचंही लिहीन. तेही खरंच आहे." मग म्हणाली, "सोमवारी आमच्या इथल्या ऑफिसला या. बाकीच्या नऊ संस्थांच्या मशिनांत कुठलं कार्ड आहे, हे आमच्याकडे कोणालाच माहीत नाही. साहेब काय म्हणतील ते म्हणतील, मी तुम्हाला समोर बसवते."

पुस्तकं जुन्या मशिनवरून मेधाच्या कंपनीने पाठवलेल्या नव्यावर उतरवता उतरवता शनिवारची दुपार झाली. एक सडपातळ वायर, तिच्यातून एकेक अक्षर जायचं. सगळं उतरल्यावर नव्या मशिनवरून पहिलं पान छापलं. चौथीचा भूगोल. छापणारं यंत्र कडकडाट करून थांबलं. अप्पारावांनी पान दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसं, त्रिवेणीपुढे ठेवलं.

तिची बोटं भराभर ओळींवरून गेली आणि मध्येच थांबली. मागे आली, पुन्हा थांबली.

"काय झालं? बिघडलं काय?" केशवराव पुढे वाकले.

"नाही." त्रिवेणी हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले. "ही ओळ मी दोनदा लिहिलीय. नवीन होते ना, वाचणाऱ्या बाई शिंकल्या आणि त्यांनी तीच ओळ परत वाचली. मी लिहून मोकळी. साऱ्या शाळांतली पोरं नऊ वर्षं एकच गोष्ट दोनदा वाचतायत, आणि एकानेही सांगितलं नाही मला."

"आता दुरुस्त करता येईल," मेधा म्हणाली. "दोन मिनिटांचं काम आहे."

"करू की. पण हे पान असू द्या." तिने हवेत हात पुढे केला. "मामा, बोट द्या तुमचं. या, बघा कुठं आहे ती."

केशवरावांनी तर्जनी पुढे केली. सोल्डरचे चटके खाऊन ती घट्ट झालेली. त्रिवेणीने ती ओळीच्या सुरुवातीला टेकवली आणि हलकेच पुढे नेली.

"मला तर सगळं सारखंच लागतंय गं."

"दाबू नका. आणि घाई करू नका. लागेल."

केशवरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे मिटले आणि ओळीच्या सुरुवातीपासून पुन्हा बोट फिरवायला लागले.